विद्यापीठाच्या महासंगणकावर पहिले काम: नवागत विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात कधीतरी मार्गदर्शक सांगतात, की हे गणन आता क्लस्टरवर (जोडून एकत्र चालणाऱ्या अनेक संगणकांच्या संचावर) चालवावे लागेल. तिथून पुढे नेमके काय करायचे हे सांगणारे कोणी जवळ असेलच असे नाही. प्रयोगशाळेतील वरिष्ठांची एखादी जुनी स्क्रिप्ट हाती येते, तिच्यातले आकडे तसेच का आहेत हे कोणालाच ठाऊक नसते आणि तीच स्क्रिप्ट पुढच्या तुकडीकडे जाते. मी हे काम पुण्यात शिकले, त्यामुळे इथली उदाहरणे बहुतांशी पुण्याची आणि राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून उभ्या राहिलेल्या यंत्रणांची आहेत. मात्र लिनक्स आणि स्लर्म (सगळ्यांची कामे रांगेत लावून यंत्रावर वाटणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या जवळपास कोणत्याही विद्यापीठीय क्लस्टरवर यातल्या सूचना लागू पडतील.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. यंत्राकडे काहीही मागण्यापूर्वी आपला प्रोग्राम किती वेळ, किती मेमरी आणि किती कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-एकके) खरोखर वापरतो ते मोजून घ्या. पुढच्या बहुतेक पायऱ्या या मोजमापाकडे जाणाऱ्या किंवा त्यातून निघणाऱ्या आहेत.

१. आपल्याला कोणते यंत्र हवे आहे ते ठरवा

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर केली. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांची ही संयुक्त मोहीम पुण्याची सी-डॅक आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडून राबवली जाते. तिच्यातले पहिले यंत्र, परम शिवाय, २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील आयआयटीत सुरू झाले. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हे यंत्र नोव्हेंबर २०२० च्या वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होते. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी दिलेली परम रुद्र यंत्रणा २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील अर्क ही यंत्रणाही त्याच दिवशी कार्यान्वित झाली, पण ती हवामान आणि जलवायूच्या कामासाठीच आहे. शेजारी मोठे यंत्र आहे म्हणून ते आपल्याला वापरता येईल असे गृहीत धरू नये.

शिकण्यासाठी मोठे यंत्र लागतही नाही. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सी-डॅकचा परम शावक घेतलेला आहे. तो टेबलाशेजारी मावणारा संगणक असून त्याला वेगळे डेटा सेंटर लागत नाही. आपल्या महाविद्यालयात असा संच असेल तर तो कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे याची चौकशी आधी करा, कारण असे संच पुष्कळदा एकाच विभागात राहतात आणि इतर विभागांना त्यांची माहितीही नसते. तोही नसेल तर चार कोअरचा लॅपटॉप पहिल्या काही महिन्यांसाठी पुरेसा आहे.

२. पाया पक्का करा

क्लस्टरवर खिडक्या आणि माऊस नसतात. सगळे काम टर्मिनलमध्ये लिनक्सच्या आज्ञांनी होते. फाइल शोधणे, हलवणे, तिच्या परवानग्या बदलणे, मजकुरात शब्द शोधणे, एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देणे आणि विम किंवा नॅनोसारख्या संपादकात फाइल दुरुस्त करणे एवढे सहज जमायला हवे. यासाठी स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून रोजची कामे त्यावर करणे हाच उत्तम मार्ग आहे. विंडोज सोडायचे नसेल तर त्यातच चालणारी लिनक्सची सोय (डब्ल्यूएसएल) वापरा.

भाषांच्या बाबतीत सी किंवा फोरट्रान यांपैकी एक आणि जोडीला पायथन असावी. केवळ पायथनवर भागेल असे अनेकांना वाटते आणि काही शाखांमध्ये ते खरेही आहे, पण मेमरीत आकडे कसे मांडलेले असतात हे सी किंवा फोरट्रानशिवाय नीट कळत नाही. सी मध्ये द्विमितीय सारणी ओळीनुसार साठवली जाते, तर फोरट्रानमध्ये स्तंभानुसार. आतला आणि बाहेरचा लूप उलटा लिहिला तर उत्तर बरोबरच येते, पण प्रोग्राम कित्येक पट मंदावू शकतो. असा प्रोग्राम शंभर कोअरवर नेण्याआधी त्याचे लूप सरळ करणे अधिक फायद्याचे असते.

३. शिकण्याचा मार्ग निवडा

विद्यापीठात समांतर संगणनाचा ऐच्छिक विषय असेल तर तो घ्याच, मग तो दुसऱ्या विभागाचा असला तरी चालेल. नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावर आयआयटीतील प्राध्यापकांचे समांतर प्रोग्रामिंग आणि उच्च कार्यक्षमता संगणनाचे अभ्यासक्रम आहेत. व्याख्याने विनाशुल्क असतात आणि पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे लागतात. राष्ट्रीय मोहिमेने प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड येथील आयआयटींमध्ये चार नोडल केंद्रे स्थापन केली. महाराष्ट्राच्या दक्षिण भागातील आणि गोव्यातील विद्यार्थ्यांना त्यांतले गोव्याचे केंद्र सोयीचे आहे, त्यामुळे तिथल्या कार्यशाळांच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

ज्यांना संशोधनापेक्षा यंत्रणा उभारण्यात आणि सांभाळण्यात रस आहे, त्यांच्यासाठी सी-डॅकचा महासंगणक व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र केवळ क्लस्टर वापरता यावा म्हणून हा अभ्यासक्रम करण्याची गरज नाही. त्याचा रोख यंत्रणेच्या प्रशासनाकडे आहे, वैज्ञानिक गणनाकडे नाही.

व्याख्याने ऐकून हे शास्त्र येत नाही. प्रत्येक व्याख्यानानंतर त्यातला प्रोग्राम स्वतः टंकून, चालवून आणि मुद्दाम बिघडवून पाहिला नाही, तर पूर्ण अभ्यासक्रम संपवूनही क्लस्टरवर पहिला जॉब, म्हणजे पहिले काम, पाठवताना हात अडखळतात.

४. खात्यासाठी कागदपत्रे जमवा

अर्जाचा नमुना प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो, पण पुढील गोष्टी बहुतेक ठिकाणी लागतात:

– विद्यापीठाचे किंवा महाविद्यालयाचे वैध ओळखपत्र
– संस्थेचा ईमेल पत्ता, कारण खासगी ईमेलवरून केलेला अर्ज पुष्कळदा परत येतो
– मार्गदर्शकांची स्वाक्षरी, आणि बाहेरच्या संस्थेतून अर्ज असल्यास विभागप्रमुखांची सही व शिक्का
– प्रकल्पाचा एका पानाचा गोषवारा
– लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे आणि ती परवान्याची असतील तर परवान्याचा पुरावा
– कोअर-तास, मेमरी आणि साठवणुकीचा अंदाज

शेवटच्या दोन मुद्द्यांवर अर्ज अडकतात. व्हॅस्प किंवा गॉसियनसारखे रेणू आणि पदार्थांच्या गणनाचे सॉफ्टवेअर क्लस्टरवर बसवलेले असले तरी ते वापरण्याचा परवाना आपल्या गटाकडे असावा लागतो. शेजारच्या गटाच्या परवान्यावर काम उरकणे हा नियमभंग आहे. कोअर-तास म्हणजे कोअरची संख्या गुणिले तास. ४८ कोअर १० तास वापरले तर ४८० कोअर-तास होतात. एका नमुना गणनाला लॅपटॉपवर किती वेळ लागला आणि तशी किती गणने करायची आहेत, एवढ्यावरून केलेला अंदाज समितीला पटतो. ‘शक्य तितके’ असे लिहिलेले पटत नाही. काही केंद्रे वापराचे शुल्क घेतात, तेव्हा ते कोणत्या निधीतून जाणार हे मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा.

५. पहिले लॉगिन

एसएसएच या सुरक्षित जोडणीने आत जाता येते. संस्थेच्या आवाराबाहेरून जायचे असल्यास बहुधा व्हीपीएन लागते. जोडणी नाकारली गेली तर आधी पोर्टचा क्रमांक तपासा, कारण सुरक्षेसाठी काही केंद्रे नेहमीचा २२ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवून दुसरा वापरतात आणि हा तपशील स्वागतपत्राच्या तळाशी असतो. पासवर्डऐवजी सार्वजनिक आणि खासगी अशा डिजिटल किल्ल्यांची जोडी तयार केली असेल तर खासगी किल्ली कोणालाही पाठवू नका, मदत करणाऱ्या वरिष्ठांनाही नाही. खाते वाटून वापरणे हे खाते बंद होण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

आत गेल्यावर आपण लॉगिन नोडवर असतो (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक). हा नोड फाइल संपादन, कंपायलिंग आणि जॉब पाठवणे यांपुरता असतो आणि एकाच वेळी अनेक जण त्यावर बसलेले असतात. तिथे गणन सुरू केले तर सगळ्यांचे काम मंदावते. व्यवस्थापक तो प्रोग्राम बंद करतात आणि पुन्हा तसे घडल्यास खाते गोठवतात. ‘दोन मिनिटे चालवून बघतो’ हा मोह टाळावा. छोट्या चाचणीसाठी स्लर्मकडून गणन-नोडवर परस्परसंवादी सत्र मागता येते.

६. फाइली कुठे ठेवायच्या

होम डिरेक्टरी लहान असते. तिथे प्रोग्राम, स्क्रिप्ट आणि मूळ नोंदी ठेवाव्यात. जॉब चालताना लिहिल्या जाणाऱ्या मोठ्या फाइली स्क्रॅच या तात्पुरत्या साठवणुकीवर असाव्यात. स्क्रॅच वेगवान असते, पण तिची बॅकअप प्रत नसते आणि ठरावीक दिवस न वापरलेल्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात. ती मुदत किती हे पहिल्याच दिवशी विचारा आणि लिहून ठेवा.

आणखी एक मर्यादा सहसा कोणी सांगत नाही. जागेइतकीच फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या कोंडाची दोन-तीन पर्यावरणे होममध्ये तयार केली की लाखो लहान फाइली होतात, जागा शिल्लक असूनही ‘कोटा संपला’ असा संदेश येतो आणि त्यानंतर लिहिली जाणारी निकालाची फाइल रिकामी राहते.

७. सॉफ्टवेअर: मॉड्यूल

क्लस्टरवर कंपायलर आणि वैज्ञानिक सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी बसवलेल्या असतात. त्यांतली हवी ती मॉड्यूल आज्ञेने पुढे आणायची असते. ज्या कंपायलरने आणि ज्या एमपीआयने (वेगवेगळ्या नोडवरच्या प्रक्रियांना आपसात संदेश पाठवू देणाऱ्या ग्रंथालयाने) प्रोग्राम तयार केला, तीच मॉड्यूले जॉबच्या स्क्रिप्टमध्येही चढवा आणि त्यांचे आवृत्ती क्रमांक नेहमी लिहा. नुसते नाव लिहिले तर व्यवस्थापकांनी नवी आवृत्ती बसवल्यावर कालपर्यंत चालणारा जॉब आज थांबतो.

८. जॉबची स्क्रिप्ट लिहा

जॉब म्हणजे स्लर्मला दिलेली लेखी मागणी. इतके नोड, इतके कोअर, इतकी मेमरी आणि इतका वेळ मिळाला तर ही आज्ञा चालव, असे तिचे स्वरूप असते. ही फाइल एस-बॅच (sbatch) आज्ञेने पाठवायची, एस-क्यूने (squeue) तिची स्थिती पाहायची आणि नको असेल तर एस-कॅन्सलने (scancel) काढून घ्यायची. नवागतांची फसगत ज्या ठिकाणी सर्वाधिक होते ती ठिकाणे सविस्तर देते.

वेळ. वेळेच्या रकान्यात फक्त दोन आकडे लिहिले तर स्लर्म त्यांचा अर्थ मिनिटे आणि सेकंद असा घेतो. दोन तासांसाठी २:०० लिहिणाऱ्याचा जॉब दोन मिनिटांत संपवला जातो. तास, मिनिटे आणि सेकंद असे तिन्ही आकडे लिहावेत, म्हणजे ०२:००:००.

मेमरी. आकड्यापुढे एकक नसेल तर तो मेगाबाइट समजला जातो. ६४ गिगाबाइट हवे असताना नुसते ६४ लिहिले तर प्रोग्राम सुरू होताच मेमरी संपल्याचा शेरा येतो.

टास्क आणि सीपीयू. ओपनएमपीचा प्रोग्राम एकाच नोडच्या मेमरीत धागे (एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) काढतो, म्हणून १६ धाग्यांसाठी एक टास्क आणि त्या टास्कला १६ सीपीयू मागावे लागतात. एमपीआयचा प्रोग्राम स्वतंत्र प्रक्रियांचा असतो, त्यासाठी १६ टास्क मागावे लागतात. ओपनएमपीसाठी १६ टास्क मागितले तर ते वेगवेगळ्या नोडवर विखुरले जाऊ शकतात, आणि धागे आपला नोड सोडून जाऊ शकत नाहीत. साधा पायथन प्रोग्राम एस-रनने (srun) १६ टास्कवर चालवला तर तो समांतर होत नाही. तोच प्रोग्राम १६ वेळा चालतो आणि सोळाही प्रती एकाच निकाल-फाइलवर लिहितात.

लपलेले धागे. नमपायसारखी ग्रंथालये आपणहून अनेक धागे उघडतात. प्रत्येक एमपीआय प्रक्रियेने नोडवरच्या सर्व कोअरइतके धागे उघडले तर कोअर एकमेकांची वाट पाहत बसतात. धाग्यांची संख्या ठरवणारा ओपनएमपीचा चल (OMP_NUM_THREADS) स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट. ओळीच्या शेवटी विंडोज एक जादा अदृश्य चिन्ह ठेवते. एस-बॅच अशी फाइल नाकारते आणि तिच्यात डॉसच्या ओळखंडांची खूण असल्याचे सांगते. क्लस्टरवर डॉस-टू-युनिक्स (dos2unix) ही छोटी आज्ञा त्या फाइलवर चालवली की काम होते.

९. मागण्याआधी मोजा

आता मुख्य पायरी. आपल्या खऱ्या गणनाचा एक लहान पण प्रातिनिधिक नमुना घ्या आणि तोच १, २, ४, ८, १६, ३२ कोअरवर चालवून प्रत्येक वेळचा काळ नोंदवा. समजा एका कोअरवर ८० मिनिटे लागली आणि १६ कोअरवर ८ मिनिटे. म्हणजे वेग दहापट झाला, सोळापट नाही, आणि कार्यक्षमता साडेबासष्ट टक्के राहिली. याचे कारण जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडले. प्रोग्रामचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कोअर वाढवून आटोपत नाही. आपल्या उदाहरणात तो भाग ४ टक्के निघतो. म्हणजे ८० पैकी ३.२ मिनिटे कायम लागणारच, उरलेली ७६.८ मिनिटे १६ जणांत वाटली की ४.८ होतात आणि बेरीज बरोबर ८ येते. अशा प्रोग्रामचा वेग हजार कोअर दिले तरी पंचवीसपटीच्या पुढे जाणार नाही.

याच हिशेबाने ३२ कोअरवर ५.६ मिनिटे लागायला हवीत. प्रत्यक्षात समजा ७ लागली, तर वरचा वेळ कोअरच्या आपसातील संवादात गेला. खर्चाच्या बाजूने पाहिले तर १६ कोअरवर १२८ कोअर-मिनिटे लागली आणि ३२ वर २२४. एक मिनिट वाचवण्यासाठी खर्च पाऊणपट वाढला, आणि तो आपल्या गटाच्या मंजूर कोट्यातून वजा होतो. असे शंभर जॉब करायचे असतील तर १६ कोअरचे अनेक जॉब एकाच वेळी चालवणे कितीतरी शहाणपणाचे आहे. स्लर्ममध्ये त्यासाठी जॉबची मालिका एकाच आज्ञेने पाठवण्याची सोय आहे. कार्यक्षमता साठ-सत्तर टक्क्यांखाली गेली की कोअर वाढवणे थांबवावे, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी कोटा मागताना हाच तक्ता अर्जाला जोडा, कारण समितीसमोर याहून चांगला पुरावा नसतो.

मेमरीचेही असेच करावे. जॉब संपल्यावर एस-अकाउंट (sacct) आज्ञेने त्याची सर्वोच्च मेमरी पाहता येते. तिच्यात वीस-पंचवीस टक्के भर घालून पुढची मागणी करावी. वेळेचीही मागणी अशीच नेमकी असावी. रांगेतल्या मोठ्या जॉबसाठी नोड जमेपर्यंत जी फट राहते तिच्यात स्लर्म छोटे जॉब बसवतो, त्यामुळे खरी गरज तीन तासांची असताना सवयीने तीन दिवस मागणारा विद्यार्थी त्या फटीत कधीच बसत नाही आणि रांग हलत नाही अशी तक्रार करत राहतो.

१०. जॉब अडकला किंवा पडला तर

रांगेत थांबलेल्या जॉबपुढे एस-क्यू कारण दाखवते. ‘रिसोर्सेस’ किंवा ‘प्रायॉरिटी’ असेल तर काही करायचे नसते, थांबायचे. मर्यादेचा उल्लेख असेल तर ती कोणती ते पाहा: आपल्या चालू जॉबांनी मर्यादा भरली असेल तर ते संपल्यावर जॉब सुटतो, पण मागणीच नियमाबाहेर असेल तर कितीही थांबून ती पुरी होणार नाही. जॉब मध्येच संपला तर आधी चुकांची फाइल शेवटापर्यंत वाचा, मग एस-अकाउंटमधील स्थिती पाहा. वेळ संपला असेल तर प्रोग्रामला ठरावीक अंतराने आपली अवस्था फाइलीत लिहायला लावा, म्हणजे पुढचा जॉब तिथून सुरू होईल. दोन-तीन दिवस चालणाऱ्या गणनात ही सोय नसणे मला धोक्याचे वाटते, कारण वीज आणि शीतकरण यांच्या देखभालीसाठी कोणतेही केंद्र अधूनमधून यंत्रणा बंद करतेच.

मदत मागताना जॉबचा क्रमांक, स्क्रिप्ट, वापरलेली मॉड्यूले आणि चुकीचा पूर्ण मजकूर पाठवा. मोबाइलवर काढलेल्या पडद्याच्या छायाचित्रावरून व्यवस्थापकांना काही शोधता येत नाही.

कोअरची संख्या बदलल्यावर उत्तराचे शेवटचे काही अंक बदलले तर घाबरू नका. संगणकातील अपूर्णांकांची बेरीज क्रम बदलल्यावर किंचित बदलते आणि समांतर बेरजेत क्रम बदलतोच. फरक पहिल्या चार-पाच अंकांतच दिसत असेल, तर मात्र दोन धागे एकाच चलावर लिहीत आहेत का हे तपासा.

११. समांतर प्रोग्रामिंग कोणत्या क्रमाने शिकावे

ओपनएमपी, मग एमपीआय, मग जीपीयू (मुळात चित्रांसाठी बनलेला, एकाच वेळी पुष्कळ गणने करणारा प्रोसेसर). ओपनएमपीत चालू प्रोग्राममधल्या एका लूपवर एक ओळ लिहून परिणाम पाहता येतो, म्हणून सुरुवात तिथे करावी. एमपीआयचे पहिले प्रमाण १९९४ चे आहे आणि आजही नोडांमध्ये गणन वाटण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. त्यातल्या सुरुवातीच्या सहा-सात आज्ञांवर बरेच काम होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ओढीने बरेच जण थेट जीपीयूकडे जातात. तयार ग्रंथालय वापरायचे असेल तर त्यात काही बिघडत नाही, पण स्वतःचा प्रोग्राम जीपीयूवर न्यायचा असेल तर आधीच्या दोन पायऱ्या गाळू नयेत. जीपीयूवर बहुतेक वेळ आकड्यांच्या ने-आणीत जातो, आणि ती कुठे होते हे ओळखण्याची सवय आधीच्या पायऱ्यांत लागते.

१२. प्रबंध देण्यापूर्वी

शोधनिबंधात यंत्रणेचे नाव, ती चालवणारी संस्था आणि राष्ट्रीय महासंगणन मोहीम यांचे ऋण नमूद करा. केंद्रे त्याचा नेमका मजकूर देतात आणि खाते वाढवून मागताना अशा निबंधांची यादी विचारतात. प्रबंध सादर झाल्यावर खाते बंद होते, म्हणून निदान महिनाभर आधी निकाल, स्क्रिप्ट आणि मॉड्यूलांची यादी गटाच्या साठवणुकीवर आर-सिंकने उतरवून घ्या. त्यासोबत नवव्या पायरीतला मोजमापाचा तक्ताही ठेवा, म्हणजे तुमची स्क्रिप्ट ज्याच्या हाती जाईल त्याला तिच्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे कळेल.